अनंत घ्यायचाय? आधी पाणी बघा

नर्सरीत कळ्यांनी लगडलेला अनंत दिसतो. तुम्ही पॉकेटमनी मोजून तो घरी आणता आणि महिन्याभरात पानं पिवळी! शिरा तेवढ्या हिरव्या. हा रोग नव्हे, लोहाची उपासमार आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते. आपल्या बीडकडची काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणीही जड. मातीत लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही.

म्हणून जात निवडताना आधी जागेचा विचार करा. दुहेरी अनंत गुलाबासारखा भरगच्च, फोटोतही भारी. पण झुडूप मोठं होतं. एकेरीला सहा पाकळ्या आणि नंतर नारिंगी फळं. चीन-जपानमध्ये त्यांचा पिवळा रंग खाण्यात वापरतात. माझं मत मात्र बुटक्या जातीला. ती कुंडीत मावते, म्हणजे माती तुमच्या हातात. कोकोपीट, गांडूळखत, थोडी माती; जमेल तेवढं साठवलेलं पावसाचं पाणी; मे महिन्यात दुपारची सावली. तरी पिवळेपणा आलाच तर चिलेटेड लोहाची फवारणी.

अंगणच मोठं असेल तर अनंताची देशी बहीण डिकेमाली शोधा. हो, काष्ठौषधीच्या दुकानात जिचा उग्र वासाचा डिंक मिळतो तीच. कोरड्या, खडकाळ रानातलं झाड आहे ते. फूल उमलतं पांढरं, मग पिवळं होत जातं.