पातळ लॅपटॉपचा ताप

लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये गेलेली वीज जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. आकडेमोड केली, चित्र रंगवले किंवा खेळ चालवला, तरी त्या कामात वीज साठून राहत नाही. 45 वॅट आत गेले की 45 वॅटची उष्णता बाहेर काढावीच लागते. वेगळी ग्राफिक्स चिप असेल तर तिचे आणखी 80 ते 100 वॅट त्यात मिळतात. जुन्या पिवळ्या दिव्यांच्या हिशेबाने बोलायचे, तर शंभराचा एक आणि चाळीसचा एक असे दोन दिवे वहीएवढ्या बंद डब्यात तासन्‌तास पेटते ठेवण्यासारखे हे आहे. डब्याची जाडी असते जेमतेम अठरा-वीस मिलिमीटर.

चिपचे तापमान साधारण 95 ते 100 अंश सेल्सिअसला पोचले की चिप स्वतःच आपला वेग उतरवते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नव्हे, चिप जळू नये म्हणून केलेली सोय आहे. पण तिचा परिणाम असा की खोक्यावर छापलेला कमाल वेग फार थोडा वेळ मिळतो. काम सुरू झाल्यावर पहिले अर्धा-एक मिनिट चिप ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज घेते, तेवढ्यात चिपची उष्णता ओढून घेणारे तांबे तापते, आणि पुढच्या तासाभराचा वेग पंखा आणि तांबे मिळून ठरवतात. म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप, एक जाड आणि एक पातळ, लांब पल्ल्याच्या कामात सारखे चालत नाहीत.

कोल्हापुरात या लांब पल्ल्याच्या कामाला तोटा नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यातल्या फाउंड्र्यांमध्ये कास्टिंग ओतण्याआधी संगणकावर ओतून पाहण्याची पद्धत आता रुळली आहे. वितळलेले लोखंड मोल्डमध्ये कसे भरेल, कुठला भाग आधी गोठेल, धातू आकसल्याने पडणारी म्हणजे श्रिंकेजची पोकळी कुठे येईल, ती भरायला जास्तीचा धातू पुरवणारा रायझर कुठे ठेवावा, हे सिम्युलेशन सांगते. असे एक गणित अनेकदा तासन्‌तास चालते. डिझाइन करणाऱ्याला सकाळी ऑफिसात, दुपारी शॉपफ्लोअरवर आणि संध्याकाळी ग्राहकाकडे जावे लागते, त्यामुळे टेबलाखालचा मोठा संगणक त्याच्या कामाचा नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वास्तुरचनाकार आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे यांचीही तीच गरज. सगळ्यांच्या पिशवीत पातळ पण ताकदीचा लॅपटॉप असतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्याचा पंखा ओरडू लागला की सगळ्यांची तक्रार एकच असते.

तक्रारीचा मोठा भाग हवेत आहे. चिपकडून हवेकडे जाणारी उष्णता साधारणपणे दोघांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात वाहते. 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप 95 अंशांवर असेल तर हा फरक 70 अंशांचा. मेमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडखालच्या केबिनमध्ये हवा 38 अंशांवर गेली की फरक उरतो 57. पंखा तोच, त्याचा वेगही तोच. पण जिथे 45 वॅट निघत होते तिथे आता साडेछत्तीसच निघतात. लॅपटॉपमध्ये काहीही न बिघडता पाचव्या हिश्शाच्या आसपास ताकद गेली. त्यातच कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा अंदाजे पाच टक्के विरळ असते आणि पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यात तेवढी कमी हवा ढकलली जाते. इतर शहरांतल्या किंवा परदेशातल्या चाचण्यांचे आकडे वाचून इथे खरेदी करणाऱ्याने हे दोन्ही हिशेब मनात ठेवलेले बरे.

उष्णतेची वाट फाउंड्रीतल्या माणसाला चटकन कळावी अशीच आहे. कास्टिंगच्या जाड भागातून उष्णता लवकर ओढून घ्यायला मोल्डमध्ये धातूचा तुकडा ठेवतात. त्याला चिल म्हणतात. लॅपटॉपमधला हीटसिंक त्याच जातीचे काम करतो. चिल आणि धातू यांच्यामध्ये हवेची बारीक फट पडली की चिलचा उपयोग घटतो, हे मोल्डरला अनुभवाने माहीत असते. लॅपटॉपमध्ये ही फट थर्मल पेस्ट भरून काढते. तांब्याची उष्णतावाहकता मीटरमागे अंशाला सुमारे 400 वॅट, तर स्थिर हवेची फक्त 0.026. पेस्टची बहुधा 5 ते 12 असते. तांब्यापुढे ती काहीच नाही, पण हवेच्या शेकडो पट आहे. म्हणूनच पेस्टचा थर जाड असून चालत नाही. धातूला धातू जिथे टेकत नाही तेवढ्याच खाचा तिने भरायच्या असतात. जाता जाता सांगायचे तर, उष्णता वाहण्यात तांब्याच्याही पुढे एक धातू आहे, आणि तो कोल्हापूरजवळच्या हुपरीत घरोघरी घडवला जातो: चांदी. तिची वाहकता सुमारे 430. किमतीमुळे ती लॅपटॉपच्या हीटसिंकपर्यंत पोचत नाही.

पेस्टनंतर येते हीट पाइप. ही तांब्याची चपटी नळी बाहेरून भरीव दिसते, पण आतून पोकळ असते. तिच्यातली हवा काढून घेतलेली असते आणि थोडेसे पाणी भरलेले असते. दाब अत्यंत कमी असल्याने हे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी आधी उकळते. चिपजवळ त्याची वाफ होते, वाफ पंख्याजवळच्या थंड टोकाकडे धावते, तिथे निवून पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र तांब्यातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, परत चिपकडे येते. भाताच्या झाकणाला आतून धरणारे थेंब हाच प्रकार दाखवतात. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये ही युक्ती विकसित करून तिला हीट पाइप हे नाव दिले. अंतराळयानांसाठी उपयोगी पडलेली ती नळी आज बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये आहे. महाग लॅपटॉपमध्ये नळीऐवजी याच तत्त्वावरची सपाट पेटी असते, तिला व्हेपर चेंबर म्हणतात. दोन्ही वाकवायच्या नसतात. आतली वात चेपली की वरून धड दिसणारी नळी निकामी होते.

नळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी म्हणजे फिन, आणि त्यांच्यावर हवा फेकणारा चपटा पंखा. सर्वांत आधी बिघडते ती हीच जागा. फिनमधली फट मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असते. इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडजवळ चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये सुताचे तंतू या फटींवर बसून नमद्यासारखा थर धरतात. साखर कारखान्यांच्या परिसरात गाळप हंगामात बगॅसची म्हणजे उसाच्या चिपाडाची काजळी उडते. फाउंड्रीजवळ वाळूची बारीक धूळ असते, आणि तिच्यात लोखंडाचे कण मिसळलेले असतील तर ती जास्त धोक्याची. लोखंडातून वीज वाहते. पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो, मागच्या जाळीतून मात्र वारा येत नाही, अशी खूण दिसली की बाकी कुठलाही उपाय करण्याआधी साफसफाई करावी. तळाचे झाकण काढून, आधी बॅटरीची वायर सोडवून, मऊ ब्रशने आणि हलक्या ब्लोअरने धूळ काढतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरायची, नाहीतर तो गरगर फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. नुसते बाहेरून ब्लोअर मारल्याने तंतूंचा थर बहुतेक वेळा आतच सरकतो.

कुठलाही बदल करण्यापूर्वी मोजमाप हवे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम तापमान, वेग आणि चिपने घेतलेले वॅट दाखवतो. सिनेबेंचसारखी चाचणी निदान दहा मिनिटे सलग चालवून तिन्ही आकडे आणि खोलीचे तापमान लिहून ठेवावे. नजर तापमानावर नव्हे, वॅटवर ठेवायची. चिप आधी 95 अंशांवर 32 वॅट घेत होती आणि साफसफाईनंतर 95 अंशांवरच 40 वॅट घेत असेल, तर तापमान तसूभर न उतरताही सुधारणा झाली आहे. मोकळी झालेली वाट चिपने लगेच जास्त वेगासाठी वापरली. हे न कळल्यामुळे चांगल्या कामावरही ‘काही फरक पडला नाही’ असा शिक्का बसतो.

फुकटातला उपाय म्हणजे लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलणे. पातळ लॅपटॉप हवा तळातून ओढतात आणि त्यांचे रबरी पाय तीन-चार मिलिमीटरचे असतात. गादीवर, गोधडीवर किंवा मांडीवर ठेवला की वाटच बंद. छताचा पंखा हवा थंड करत नाही, पण लॅपटॉपने मागे फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाणार नाही, एवढे काम तो करतो. बाजारातल्या कूलिंग पॅडचे पंखे तळाच्या जाळीसमोर आले तरच उपयोगाचे. फोमच्या कडेने तळाशी घट्ट बसणारे पॅड चांगले काम करतात, मात्र आवाज फार करतात. बर्फाची पिशवी किंवा गार पत्रा खाली ठेवण्याचा प्रयोग पावसाळ्यात मुळीच करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की वीस-एकवीस अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरू शकते, आणि ते दव आत सर्किटवर धरले तर सगळाच खेळ आटोपतो.

सर्वांत मोठा फायदा मात्र उष्णता बाहेर काढण्यात नाही, ती कमी निर्माण करण्यात आहे. चिप घेत असलेली वीज तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरवता आले तर या हिशेबाने वीज जवळजवळ दहा टक्के वाचते. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज सात टक्के उतरले तर बावीस टक्के. उन्हाळ्याने नेलेला पाचवा हिस्सा इथे जवळजवळ पूर्ण भरून निघतो, आणि वेगात मोजावी लागणारी किंमत त्याच्या निम्मीच असते. व्होल्टेज असे उतरवण्यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. प्रत्येक चिप कारखान्यातून थोडे जास्तीचे व्होल्टेज घेऊन येते, कारण कंपनीला सर्वांत कमकुवत चिपचाही विचार करावा लागतो. ते जास्तीचे किती, हे पायरीपायरीने उतरवून, दर पायरीला चाचणी लावून शोधायचे. संगणक अचानक बंद पडला की एक-दोन पायऱ्या मागे यायचे. सिम्युलेशनच्या कामात ही काळजी दुप्पट घ्यावी. अस्थिर चिप नेहमी बंदच पडते असे नाही, कधी ती मुकाट चुकीचे उत्तर देते.

इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ही वाट आता बंद असते. त्यामागे डिसेंबर 2019 मध्ये उघड झालेली प्लंडरव्होल्ट ही सुरक्षात्रुटी आहे. व्होल्टेज मुद्दाम हलवून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गुपिते काढता येतात, हे बर्मिंगहॅम, ग्रात्स आणि लुवेनच्या संशोधकांनी दाखवले. त्यानंतरच्या बायोस अपडेटनी व्होल्टेजचा नियंत्रक कुलूपबंद केला. तसे असेल तर निर्मात्याच्याच सॉफ्टवेअरमधून वॅटची मर्यादा उतरवता येते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली तर अनेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे चिपचा वाढीव वेग, पूर्ण बंद होतो. हा उपाय बोथट आहे, तरी कार्यालयीन कामात पंखा शांत ठेवायला पुरतो. खेळणाऱ्याने चित्रांची गती पडद्याच्या गतीइतकी बांधून घातली की ग्राफिक्स चिपचे कितीतरी वॅट वाचतात.

दोन-तीन वर्षांच्या लॅपटॉपला पेस्ट बदलण्याचा खरा फायदा होतो. लॅपटॉपच्या चिपवर धातूचे टोपण नसते, उघड्या सिलिकॉनवर हीटसिंक थेट बसतो. तापणे-निवणे चालू असताना पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मध्यभाग कोरडा पडतो. त्यासाठी घट्ट पेस्ट किंवा हनीवेलच्या पीटीएम 7950 सारखी पट्टी बरी. ही पट्टी सुमारे 45 अंशांना मऊ होऊन खाचांत बसते आणि जागा सोडत नाही. हीटसिंकवर स्क्रूशेजारी 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने, समोरासमोर, थोडे थोडे करून आवळायचे. इंजिनाचे हेड बोल्ट आवळणाऱ्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. ग्राफिक्स मेमरीवरचे रबरी थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे लावावेत. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड हीटसिंकला चिपवरून उचलून धरतो आणि तापमान आधीपेक्षा चढते. द्रवरूप धातूची पेस्ट सर्वांत चांगली उष्णता वाहते, परंतु ती वीजही वाहते आणि तिच्यातले गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरते. रोज मोटारसायकलवरून हिंदकळत जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये ती घरच्या घरी भरू नये. वॉरंटी शिल्लक असेल तर पेस्टचे काम कंपनीच्या सेवा केंद्रातूनच करून घ्यावे.

उष्णतेचा हिशेब शेवटी बॅटरीला चुकता करावा लागतो. पातळ लॅपटॉपमध्ये ती तापलेल्या चिपपासून बोटभर अंतरावर असते, आणि लिथियम बॅटरी ऊन हवेत पूर्ण भरलेली राहिली की लवकर म्हातारी होते. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्याने चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी. बहुतेक निर्मात्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. ट्रॅकपॅड वर उचलला गेला, क्लिक होईनासा झाला किंवा तळाचे झाकण फुगले, तर बॅटरी फुगली आहे. असा लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, चार्जरला लावू नये, झाकण दाबून बसवू नये आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी.