विश्लेषण : जालन्यात चांगली सॉफ्टी कुठे मिळेल? कोन हातात घेण्याआधी काय पाहाल?

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की जालन्याच्या बाजारपेठेत रसवंती, मोसंबी ज्यूस आणि कुल्फीच्या गाड्यांशेजारी सॉफ्टीची मशीन सुरू होतात. राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी, अंबडला मत्स्योदरी देवीच्या नवरात्रात आणि आता लग्नाच्या मांडवातही सॉफ्टीचा काउंटर दिसतो. लहान मुलांचा हट्ट तर ठरलेलाच. त्यामुळे ‘चांगली सॉफ्टी कुठे मिळते?’ हा प्रश्न अनेकांना पडतो. दुकानांची यादी देणे सोपे आहे, पण सॉफ्टीच्या बाबतीत ती फारशी कामाची नाही. पाकीटबंद आइस्क्रीम कारखान्यात तयार होते, सॉफ्टी मात्र तुमच्यासमोर, त्या क्षणी तयार होते. एकाच दुकानातली सॉफ्टी आज उत्तम आणि उद्या खराब असू शकते. म्हणून दुकानाच्या पाटीपेक्षा मिश्रण, पाणी, वीज आणि मशीनची सफाई या चार गोष्टी पाहायला हव्यात.

सॉफ्टी म्हणजे नेमके काय?

दूध, साखर, दूध पावडर, स्निग्धांश आणि मिश्रण एकजीव ठेवणारे घटक यांपासून सॉफ्टीचे पातळ मिश्रण बनते. मशीनच्या वरच्या टाकीत हे मिश्रण थंड ठेवलेले असते. तिथून ते खालच्या थंड नळकांड्यात उतरते. आत फिरणारे पाते ते सतत घुसळते, कडेला जमलेला बर्फ खरवडते आणि त्यात हवा मिसळते. दांडी ओढली की चांदणीच्या आकाराच्या तोंडातून सॉफ्टी बाहेर येते.

नेहमीचे आइस्क्रीम उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली साठवतात. सॉफ्टी साधारण उणे ४ ते उणे ६ अंशांवर दिली जाते. म्हणून ती मऊ लागते, जीभ बधिर होत नाही आणि कमी स्निग्धांशातही चव चांगली कळते. तिच्यात हवा असणे ही फसवणूक नाही. हवा नसेल तर तो नुसता गोठलेला गोळा होईल. हवा किती, हा मात्र महत्त्वाचा मुद्दा आहे. प्रमाणाबाहेर हवा भरली तर कोन उंच दिसतो, हाताला मात्र हलका लागतो.

सॉफ्टी हे आइस्क्रीमच आहे का?

हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उत्तर भारतात मॅकडोनाल्ड्सची दुकाने चालवणाऱ्या कंपनीचा उत्पादन शुल्क विभागाशी वाद होता. आमच्या सॉफ्टीत ५ टक्क्यांहून अधिक दुग्ध स्निग्धांश नाही, आइस्क्रीमला किमान १० टक्के लागतो, शिवाय तापमानही वेगळे असते, म्हणून हे आइस्क्रीम नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. ग्राहक ज्याला आइस्क्रीम समजून विकत घेतो, ते करासाठी आइस्क्रीमच, असे न्यायालयाने सांगितले.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांतही ‘सॉफ्टी आइस्क्रीम’ हे नाव आहे. नेहमीचे आइस्क्रीम कडक गोठवलेले हवे, सॉफ्टी मऊ असली तरी चालते, एवढी सूट तिला दिली आहे. मिश्रण पाश्चराइज केलेलेच हवे, ही अट दोघांनाही सारखी आहे. दुग्ध स्निग्धांशानुसार तीन प्रकार पडतात. १० टक्के किंवा जास्त असेल तर आइस्क्रीम, अडीच ते १० टक्क्यांच्या मध्ये असेल तर ‘मीडियम फॅट’ आणि अडीच टक्क्यांपर्यंत असेल तर ‘लो फॅट’. साध्या आइस्क्रीमचे वजन लिटरमागे किमान ५२५ ग्रॅम असावे, अशीही अट आहे. हवेवर लगाम बसतो तो इथे.

दूध की वनस्पती तेल?

दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पाम किंवा अन्य खाद्यतेल वापरले की त्या पदार्थाला कायद्याने आइस्क्रीम म्हणता येत नाही. त्याचे नाव ‘फ्रोजन डेझर्ट’. ते बेकायदा नाही आणि विषारीही नाही. त्यात दूध पावडर असू शकते. पण पाकिटावर खाद्यतेल असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. २०१७ मध्ये अमूल आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांच्यात याच विषयावरून मुंबई उच्च न्यायालयात जाहिरातीचा वाद रंगला होता. फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तूप असल्याचे सुचवणारी अमूलची जाहिरात न्यायालयाने तेव्हा थांबवली. म्हणजे तेल वापरणे हा गुन्हा नाही, तेल वापरून ‘दुधाची सॉफ्टी’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

अडचण अशी की, सॉफ्टी सुटी विकली जाते. ग्राहकाच्या हाती पाकीट येत नाही. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा : ‘भाऊ, मिश्रण कोणते वापरता? पाकीट दाखवता का?’ पाकिटावर ‘आइस्क्रीम मिक्स’ आहे की ‘फ्रोजन डेझर्ट मिक्स’, हे एका नजरेत कळते. ज्याच्याकडे लपवायचे काही नाही, तो पाकीट दाखवतो.

यात शेतकऱ्याचाही संबंध आहे. जालना, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी अशा तालुक्यांत कोरडवाहू शेतीला दुधाचा जोडधंदा आहे. गायीच्या दुधात साधारण साडेतीन ते चार टक्के, तर म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. म्हणजे चांगल्या सॉफ्टीसाठी लागणारी साय आपल्या गोठ्यातच आहे. दुधाचे पैसे देऊन तेल खाल्ले, तर ग्राहकासोबत दूध घालणारेही नुकसानीत जातात.

जालन्यात जास्त काळजी कशाची?

पहिली पाण्याची. सॉफ्टीचे मिश्रण दोन प्रकारचे मिळते. एक तयार पातळ मिश्रण, जे पाकीट फोडून थेट टाकीत ओततात. दुसरी पावडर, जी पाण्यात कालवावी लागते. जालना शहराला जायकवाडी आणि घाणेवाडी तलावातून पाणी मिळते, तरी वर्षानुवर्षे अनेक वस्त्यांचा कारभार साठवलेल्या पाण्यावर, जारवर आणि टंचाईत टँकरवर चालत आला आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात शहराने काय सोसले, हे जालनेकर विसरलेले नाहीत. पावडर ज्या पाण्यात कालवली, तेच पाणी तुमच्या पोटात जाते. मिश्रण त्यानंतर उकळले जात नाही आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. म्हणून पावडर वापरणाऱ्या ठिकाणी पाणी कोणते, हे विचाराच.

दुसरी विजेची. वीज गेली की मशीनच्या टाकीतले मिश्रण हळूहळू कोमट होते. वीज आल्यावर ते पुन्हा गोठते आणि वरून काहीच कळत नाही. मधल्या वेळेत जंतू वाढलेले असू शकतात. दुकानाला इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, हे पाहा. भागात दुपारी बराच वेळ वीज नव्हती, हे माहीत असेल तर त्या संध्याकाळी सॉफ्टीऐवजी पाकीटबंद आइस्क्रीम किंवा दुसरे काही घेतलेले बरे. मात्र पाकीटही वितळून पुन्हा गोठलेले नाही ना, हे हाताने दाबून पाहा.

मशीन धुतले नाही तर काय होते?

मशीनच्या आत रबरी कड्या, नळ्या आणि पाते असतात. त्यांच्या फटीत दूध अडकते. साधे मशीन रोज रिकामे करून, भाग सुटे करून, धुऊन निर्जंतुक करणे अपेक्षित आहे. काही महागड्या मशीनमध्ये रात्री मिश्रण आपोआप तापवून पुन्हा थंड करण्याची सोय असते, तिथे पूर्ण धुण्याचा अवधी लांबवता येतो. काल उरलेले मिश्रण आजच्या ताज्या मिश्रणात ओतणे, ही सर्वात वाईट सवय. कालचा जंतू आजच्या टाकीत, आजचा उद्याच्या टाकीत, अशी साखळी तुटतच नाही.

धोका खरा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टकोमा शहरात एका रेस्टॉरंटचे मिल्कशेक प्यायल्यानंतर सहा जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. नीट साफ न केलेल्या आइस्क्रीम मशीनमध्ये लिस्टेरिया हा जंतू सापडला. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गर्भवती, वयस्कर मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याचा सर्वाधिक धोका. अशा व्यक्तींनी मशीनची सॉफ्टी टाळलेलीच बरी.

मग चांगली सॉफ्टी कुठे शोधायची?

- कायम जागेचे, गर्दीचे दुकान : जिथे संध्याकाळी सतत कोन जातात, तिथे मिश्रण टाकीत पडून राहत नाही. सॉफ्टीसाठी गर्दी ही चांगली खूण आहे.
- बेकरी किंवा स्वीट मार्टमधील मशीन : चालते, पण सॉफ्टी हा तिथला जोडधंदा असतो. दिवसाला दोन-चारच कोन जात असतील तर घेऊ नका.
- जत्रेतील गाडी : जनरेटर, पाण्याची सोय आणि धुण्याची जागा या तिन्ही गोष्टी दिसल्या तरच घ्या. मशीन धुळीच्या रस्त्याला तोंड करून असेल तर पुढे चला.
- लग्नाचा काउंटर : इथे ग्राहक म्हणजे यजमान. केटररशी बोलताना ‘सॉफ्टी आहे ना?’ एवढेच न विचारता मिश्रण कोणते, मशीन कधी धुणार आणि मांडवात वीज गेली तर काय, हे ठरवून घ्या. शेकडो पाहुण्यांच्या पोटाचा प्रश्न असतो.

सगळीकडे सारखी एक खूण पाहा. पैसे घेणारा आणि कोन भरणारा हात एकच असेल आणि मध्ये हात धुतला जात नसेल, तर मशीन कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

कोन हातात आल्यावर कसे ओळखाल?

- चांगल्या सॉफ्टीच्या कडा स्पष्ट दिसतात आणि टोक उभे राहते. बाहेर पडतानाच ती ओघळत असेल तर मशीन पुरेसे थंड नाही.
- दाताखाली बर्फाचे कण लागले तर मिश्रण पातळ आहे किंवा वितळून पुन्हा गोठलेले आहे.
- खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहिला तर वनस्पती तेलाचा संशय घ्यायला जागा आहे. मात्र नुसत्या चवीवरून खात्री होत नाही, पाकीट हाच पुरावा.
- आंबूस वास किंवा कडवट चव लागली तर मुलांना ‘पैसे दिलेत, संपव’ म्हणू नका. टाकून द्या.

जपानी लोक सॉफ्टीला एवढा मान का देतात?

जपानमध्ये तिला ‘सोफुतो कुरीमु’ म्हणतात. ३ जुलै १९५१ रोजी टोकियोत अमेरिकी सैन्याने भरवलेल्या मेळ्यात ती पहिल्यांदा विकली गेली आणि तो दिवस तिथे सॉफ्टीचा दिवस मानला जातो. दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या होक्काइदो बेटावर तर दूध कोणत्या भागातले, हे दुकानदार अभिमानाने पाटीवर लिहितात. आपल्याकडे मोसंबी ‘जालन्याची’ म्हणून विकली जाते, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तसेच सॉफ्टीवर ‘भोकरदनच्या म्हशीचे दूध’ असे लिहायला काय हरकत आहे?

तक्रार कुठे करायची?

दुकानात एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लावलेला असायला हवा. गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. बिघडलेला पदार्थ किंवा अस्वच्छता दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर तक्रार करता येते. दुकानाचे नाव, वेळ, फोटो आणि बिल जवळ ठेवा. आइस्क्रीमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिलावर कर किती लावला, हेही पाहून घ्या. सॉफ्टी खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर डॉक्टरांना काय आणि कधी खाल्ले, हे आवर्जून सांगा. तेवढ्या माहितीवरून उपचार लवकर ठरतात आणि त्याच मशीनचा पुढचा कोन दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या हातात जाण्याआधी थांबवता येतो.