वाळलेले झाड आणि थांबलेले झाड

मार्च-एप्रिलच्या दिवसांत चंद्रपूरहून मूलकडे किंवा आलापल्लीहून सिरोंचाकडे एस.टी.ने जाणाऱ्या नवख्या पाहुण्याचा एक प्रश्न ठरलेला असतो : "एवढे जंगल वाळले कसे?" ज्यांचे बालपण याच मुलखात गेले, त्यांना या प्रश्नाचे हसू येते. आम्हालाही येत असे. परंतु गेली काही वर्षे तोच प्रश्न आम्हाला स्वतःला पडू लागला आहे. उभे असलेले झाड नुसते पाने टाकून थांबले आहे की खरोखरच गेले आहे, हे ओळखणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या धुऱ्यावर मोहाचे एखादे झाड आहे. त्या एका झाडाच्या फुलांवर आणि टोळीवर घरातल्या मुलामुलींच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. म्हणून हा विषय केवळ वनस्पतिशास्त्राच्या वर्गाचा नाही.

प्रथम झाड पाणी पिते कसे ते पाहू. झाडाला हृदय नाही, पंप नाही. पानांच्या पाठीवर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि त्या ओढीने मुळापासून शेंड्यापर्यंतचा पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. विहिरीतून दोर ओढावा तसे पान पाणी ओढते. जमिनीत ओल असेपर्यंत हे ठीक चालते. जमीन कोरडी पडली आणि वरून हवेची तहान वाढली की दोरावरचा ताण वाढतो. ताण फार झाला की दोर तुटतो, म्हणजे जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी निकामी होते. अशा पुष्कळ वाहिन्या निकामी झाल्या की वरची फांदी वाळते. सगळ्याच झाल्या की झाड मरते.

मग झाडाने पर्णरंध्रे बंद करून घ्यावीत, असे कोणी म्हणेल. झाडे तसे करतातही. पण त्याच छिद्रांतून कर्बवायू आत येतो आणि त्यापासून झाड आपले अन्न तयार करते. दार उघडे ठेवावे तर तहान, बंद ठेवावे तर उपास! दुष्काळात प्रत्येक झाड या दोहोंमधून वाट काढीत असते, आणि ती वाट प्रत्येक जातीची निराळी असते.

सागाची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. त्याचे पान सुपाएवढे. ते उन्हाळाभर सांभाळणे त्याला परवडणारे नाही. हिवाळा सरू लागला की तो पानातील उपयोगी द्रव्ये खोडात परत ओढून घेतो आणि रिकामे पान टाकून देतो. पुढे पावसाची चाहूल लागेपर्यंत तो उघडा उभा असतो. या काळात सागाचा बुंधा जाड होत नाही. पाऊस पडल्यावर पुन्हा वाढ सुरू होते. म्हणून सागाच्या ओंडक्यावर वर्षावर्षाची वलये स्पष्ट दिसतात. चांगल्या ओलीचे वर्ष म्हणजे रुंद वलय, कोरडे वर्ष म्हणजे अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मध्य भारतातील सागाची वलये मोजून २००८ साली जो निष्कर्ष मांडला, तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आकाशातून किती पाऊस पडला यापेक्षा मुळांच्या थरात किती ओल टिकली, याच्याशी वलयाचे नाते अधिक घट्ट आहे. एका दिवसात धो धो पडून नाल्याने वैनगंगेला गेलेला पाऊस पर्जन्यमापकात मोजला जातो, पण सागाच्या वलयात उमटत नाही.

धावडा, तेंदू, गराडी यांचे लाकूड जड. कुऱ्हाड चालविणाऱ्याला त्यांचा कठीणपणा हाताने ठाऊक असतो. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्यांच्या वाहिन्या अरुंद आणि भिंती जाड असल्याने दोर सहजासहजी तुटत नाही. ही झाडे कोरड सोसतात. याउलट सालई, मोवई, पांगारा, काटेसावर ही मऊ लाकडाची मंडळी. ती कोरड सोसत नाहीत, टाळतात. पाने लवकर टाकतात आणि खोडात पाणी साठवून ठेवतात. त्याच साठ्यावर काटेसावर आणि पांगारा भर उन्हाळ्याच्या तोंडी लालभडक फुलतात. पांढऱ्या खोडाचा कुलू, ज्याला ताडोबात भुताचे झाड म्हणून दाखवितात, त्याच्या कागदासारख्या सालीखाली हिरवा थर असतो आणि पाने नसतानाही तो थर थोडेफार अन्न करीत राहतो. भूत म्हणविले जाणारे हे झाड उन्हाळ्यातही जिवंत काम करीत असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की त्यांना मोठी मौज वाटते.

ऐनाची गोष्ट तर अलीकडे सर्वत्र गाजली. आपली वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या खालच्या अंगाला आंध्र प्रदेशात पापिकोंडा राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मार्च २०२४ मध्ये कोंडा रेड्डी आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून वनकर्मचाऱ्यांनी ऐनाच्या खोडावरील फुगवट्याला छेद दिला, तेव्हा पाण्याची धार लागली. प्रत्येक ऐनात असे पाणी नसते; तेव्हा ही परीक्षा कोणी आपल्या शिवारात करून पाहू नये.

याहून नवलाची गोष्ट मोह, कुसुम, पळस आणि पिंपळ यांची. विहारापुढचा बोधिवृक्ष ज्यांनी रोज पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे की तो पाने टाकतो आणि पावसाची वाट न पाहता काही दिवसांतच तांबूस कोवळ्या पानांनी भरून जातो. मोहही तसाच. पाने गळतात, पहाटे फुलांचा सडा पडतो आणि फुले सरता सरता तांबडी पालवी येते. कुसुम तर लाल पालवीने पेटल्यासारखा दिसतो. जमीन भाजून निघत असताना पालवी फोडण्याचे हे धाडस कशाच्या बळावर? खोल गेलेल्या मुळांच्या आणि खोडातील साठ्याच्या बळावर. लाभ असा की पहिला पाऊस पडतो तेव्हा पान तयार असते. शिवाय पावसाबरोबर किड्यांची झुंड येईपर्यंत ते जून झालेले असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे मुरली आणि सुकुमार यांनी मुदुमलाईच्या जंगलात हेच पाहिले आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध केले : पावसाआधी पालवी फोडणाऱ्या झाडांची पाने किडे कमी खातात.

थोडक्यात, आपल्या जंगलाला कोरड नवी नाही. आठ महिन्यांची कोरड गृहीत धरूनच ही झाडे घडली आहेत. मग काळजी कशाची?

काळजी वेळापत्रक बिघडण्याची आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा किरकोळ वाटतो. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. तेवढी वाफ मिळाली नाही की ती पानांतून आणि मातीतून ओढते. म्हणजे पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी झाडाची तहान वाढलेलीच असते. त्याच अहवालात म्हटले आहे की १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ मध्ये पावसाळ्यातील कोरडे खंड २७ टक्क्यांनी वाढले, आणि मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. सागाच्या वलयांचा निष्कर्ष इथे पुन्हा आठवावा : असा पाऊस मुळांत मुरत नाही.

दुसरा आकडा पानाच्या तापमानाचा आहे. उष्ण कटिबंधातील झाडांची पाने सरासरी ४६.७ अंशांच्या पुढे तापली की त्यांतील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडू लागते, असे २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील अभ्यासात मांडले गेले. जगातील बहुतेक उष्ण जंगलांत इतकी तापलेली पाने अजून अगदी विरळा आहेत. पण आम्ही चंद्रपूरचे! २०१९ च्या मे महिन्यात आपल्याकडे हवेचाच पारा जवळपास ४८ अंशांवर गेला होता. उन्हातले पान, त्यातही पर्णरंध्रे बंद केलेले पान, हवेपेक्षाही अधिक तापते. सागाला त्याची फिकीर नाही, कारण मेमध्ये त्याच्या अंगावर पानच नसते. फिकीर आहे ती मोह, कुसुम, जांभूळ, चार अशा झाडांची, ज्यांची पाने ऐन मेमध्ये अंगावर असतात. त्यांना पान थंड ठेवायला पाणी लागते, आणि ते खोलातून यावे लागते. बोअरवेलनी किंवा खाणींच्या उपशाने खोलातली पातळी उतरली की पहिली झळ नेमकी यांनाच बसते. हवेत कर्बवायू वाढल्याने झाडाला पर्णरंध्रे थोडी मिटून भागविता येते हे खरे. पण मिटलेले पान तापते, त्यावर तो उपाय नव्हे.

लहान रोपांचे सांगायचे राहिले. साग, ऐन, बीजा यांचे रोपटे उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जाते आणि पावसात मुळातून पुन्हा फुटते. असे अनेक वर्षे चालते. वर काही दिसत नाही, पण खाली मूळ दरवर्षी जाड होत असते. एके वर्षी त्या मुळात बळ येते आणि जोमदार कोंब सरळ वर निघतो. दोन वर्षे लागोपाठ ओढ बसली, किंवा पानगळ पेटवून दिली, की ही खालची शिल्लक संपते. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळणे आणि तेंदूला नवी फूट यावी म्हणून आग लावणे या दोन्ही प्रथा आपल्यात आहेत. त्या गरजेपोटी आहेत हे आम्ही जाणतो, आणि जंगलाला लागणाऱ्या प्रत्येक आगीचा दोष मोह वेचणाऱ्या बाईच्या माथी मारणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तरी पाचोळा झाडून बाजूला सारला तरी फुले तेवढीच वेचता येतात, आणि तोच पाचोळा जमिनीची ओल धरून ठेवतो.

आता आमच्याच चुकीविषयी. मूल तालुक्यातील एका सभासदाच्या धुऱ्यावर दोन जुने मोह होते. अपुऱ्या पावसाच्या वर्षानंतरच्या मे महिन्यात दोन्ही झाडे उघडीच राहिली. लाकडाचे गिऱ्हाईक घरी येऊन बसले. आम्ही पाहायला गेलो आणि मोठ्या जाणकारीने सांगितले की झाडे गेली. घरच्या म्हाताऱ्या आईने मात्र नखाने साल खरवडून दाखविली. एका झाडाच्या सालीखाली ओला हिरवा थर होता. त्या माऊलीच्या हट्टाने ते झाड राहिले. पावसाळ्यात खालच्या फांद्यांना पालवी आली, शेंडा तेवढा वाळून गेला. दुसऱ्या झाडालाही पावसाळाभर राहू दिले होते. ते फुटले नाही, सरपण झाले. राहिलेला मोह आता पूर्वीइतकी फुले देत नाही, पण देतो.

तेव्हापासून आम्ही घाईने निदान करीत नाही. साल एकाच जागी न खरवडता बुंध्यावर आणि दोन-तीन फांद्यांवर, अगदी थोडी खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर असेल तर झाड थांबलेले आहे. शेंडा वाळला म्हणून झाड मेले असे नव्हे. पाणी पुरेनासे झाले की झाड वरच्या फांद्या सोडून खालच्या वाचविते. साल सुटी होऊन गळू लागली, बुंध्याशी भुसा पडू लागला, भूछत्रे उगवली, तर आशा थोडी. आणि दुष्काळाने मरणारे झाड पुष्कळदा त्याच वर्षी मरत नाही. साठा संपून दुबळे झाले की पुढच्या एक-दोन वर्षांत खोडकिडा त्याला गाठतो. म्हणून वाईट वर्षानंतर लागोपाठ दोन पावसाळे झाडावर नजर ठेवावी. सप्टेंबरमध्ये सागाची पाने जाळीसारखी तपकिरी दिसतात, तो मात्र पाने खाणाऱ्या अळीचा प्रताप आहे, दुष्काळाचा नव्हे. असा साग बहुधा सावरतो.

विद्यार्थी मित्रांसाठी एक काम सुचवितो. शंभर पानी वही घ्यावी. घराजवळचा एक मोह, एक साग आणि एक पळस निवडावा. निम्मी पाने गळाली तो दिवस, पहिले फूल, पहिली पालवी आणि पहिला दमदार पाऊस, एवढ्या चारच तारखा प्रत्येक झाडापुढे लिहाव्यात. छातीच्या उंचीवर बुंध्याला चुन्याची रेघ ओढून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तेथेच सुतळीने घेर मोजावा. दहावीला जाताना ही वही धाकट्या भावंडाकडे सोपवावी. पाच-सहा वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्याशिवाय वही काही सांगू लागत नाही.