मत्स्यपेटीतील शेवाळ

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी नवी असते तोवर घरातील सर्वांनाच तिचे कौतुक असते. दोन-तीन आठवडे लोटले म्हणजे पांढऱ्या वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर पसरतो. पुढे खडकांवर हिरवे केस लोंबू लागतात, आणि एखाद्या सकाळी वाळूवर जांभळट-तांबडी, बुडबुडे धरलेली बुळबुळीत साय आलेली दिसते. मग औषधाची बाटली येते, आणि पुष्कळदा तिच्यापायी मासेही जातात.

वस्तुतः या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शैवालाचा. त्याला आपले कवच रचण्यास पाण्यातील सिलिका लागते. ती संपली की थर आपोआप ओसरतो. त्यासाठी हात ओला करण्याचेही कारण नाही. हिरवे केस हे खरे शेवाळ. तांबडी साय मात्र शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू होत.

नव्या पेटीतच हे का माजते? माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया निर्माण होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० साली हे जिवाणू वेगळे काढून दाखविले. त्यांची वस्ती बसावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खडक उघडे असतात, आणि मोकळ्या रानात तण आधी उगवते. शिवाय नायट्रेट हे स्वतःच खत आहे. त्याला फॉस्फेटची जोड मिळाली म्हणजे शेवाळास काही कमी पडत नाही.

हे खत येते कोठून, याचा विचार करताना माणसे माशांकडे पाहतात. नळाकडे पाहत नाहीत. सुरतेच्या उन्हाळ्यात पेटीतील पाणी झपाट्याने उडते. समजा, शंभर लिटरच्या पेटीतून रोज दोन लिटर पाणी उडाले व तितकेच नळाचे घातले. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्यातील क्षार मागेच राहतात. पन्नास दिवसांत शंभर लिटर नळाच्या पाण्यातील सारा ऐवज त्या पेटीत साठतो. डुमसहून समुद्राचे पाणी आणावे म्हटले तर खंभातच्या आखाताचे पाणी गाळाने गढूळलेले.

यावरचा उपाय बमरोलीकरांच्या दारातच मोठ्या प्रमाणावर चालविला गेला आहे. सुरत महानगरपालिकेने २०१४ साली बमरोली येथे रोज चार कोटी लिटर क्षमतेचे केंद्र उभारले. शहराचे सांडपाणी तेथे गाळून, रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यातून दाबून काढावयाचे व पांडेसऱ्याच्या कारखान्यांस पुरवावयाचे, अशी ती योजना. लहान प्रमाणावर हेच घरी करावयाचे: आरओचे पाणी, त्यापुढे रेझिनचा फिल्टर, आणि टीडीएस मापकावर शून्याच्या आसपासचा आकडा. पिण्याच्या आरओ यंत्रावर मात्र विसंबू नये. चवीसाठी पुष्कळ यंत्रांत काही क्षार परत मिसळलेले असतात. उडालेल्या पाण्याची भर गोड्या शुद्ध पाण्याने करावी. मिठाचे पाणी केवळ बदलण्याच्या वेळी, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ या प्रमाणात.

आता त्या बाटलीविषयी. शुभवर्तमानातील शेतकऱ्याने गव्हातले निदण घाईने उपटू दिले नाही, कारण त्यासोबत गहूही उपटला गेला असता. जिवाणुनाशक औषध तांबड्या सायीबरोबर उपयुक्त जिवाणूंचाही नाश करू शकते, आणि अमोनिया पुन्हा डोके वर काढतो. तांबेयुक्त औषधाने कोळंबी व गोगलगायी मरतात. एकदम मेलेले शेवाळ कुजून पाण्यातील प्राणवायू खाते, ते वेगळेच. त्यापेक्षा हिरवे केस हाताने उपटून पेटीबाहेर टाकावेत. जितके शेवाळ बाहेर, तितके खतही बाहेर. तांबडी साय नळीने ओढून घ्यावी व तेथे पाण्याचा प्रवाह वाढवावा. दिवा रोज सातआठ तासच ठेवावा, आणि अन्न मासे दोनतीन मिनिटांत संपवतील इतकेच द्यावे. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे.

खडक विकत घेताना सावध असावे. खऱ्या प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक तेच काम करतात.

शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यानंतरच सोडाव्यात. त्यांतील काही जाती वाळूवर उताण्या पडल्या तर स्वतः उलटू शकत नाहीत. त्यांना हाताने सरळ करावे लागते.