कळा सुरू झाल्या, आता निघायचं कधी?

तपासणीला येणारं प्रत्येक जोडपं एक प्रश्न हमखास विचारतं, ‘डॉक्टर, नॉर्मल होईल ना?’ त्याचं खात्रीचं उत्तर कुणाहीकडे नसतं. मुळशीत त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे घरातून निघायचं कधी. ताम्हिणीकडच्या वाडीवरून पौडला यायचं तर घाटाचा रस्ता, आषाढातला पाऊस आणि धुकं. पुढे औंधला किंवा ससूनला पाठवावं लागलं तर पिरंगुट-भूगावची वाहनांची रांग. रस्ता आपल्या हातात नाही, निघण्याची वेळ मात्र आहे.

आधी तारखेविषयी. फाइलवरची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवून काढलेला अंदाज. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. म्हणून ३७ आठवडे भरले की पिशवी भरून ठेवावी. त्यात फाइल, रक्तगटाचा कागद, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि बाळासाठी धुतलेले सुती कपडे हवेत. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते आणि फाइल सासरीच राहते, हे आम्ही नेहमी पाहतो. रात्री दोन वाजता तिचं हिमोग्लोबिन किती, रक्तदाब कसा होता, हे सांगणारं कुणीच नसतं.

शेवटच्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होतं. थोडं चाललं, कूस बदलली की ते थांबतं. त्या खोट्या कळा. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या कमरेतून पोटाकडे येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा लांबते. घड्याळ लावून मोजा. दर पाच मिनिटांनी कळ, ती मिनिटभर टिकणारी आणि असं तासभर चाललेलं, हा पहिलटकरणीचा हिशेब दवाखाना जवळ असणाऱ्यांसाठी आहे. तास-दीड तास दूर राहणाऱ्यांनी दहा मिनिटांच्या नियमित कळांवरच गाडी सांगावी. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तर कळा नियमित झाल्या की निघावंच. ‘मागच्या वेळी बारा तास लागले होते’ या भरवशावर थांबलेल्या बाया गाडीतच बाळंत होतात.

काही गोष्टींत कळांची वाट पाहायचीच नाही. पाणी गेलं तर वेळ आणि रंग लक्षात ठेवून निघा. हिरवट पाणी म्हणजे बाळानं आत शी केलेली असते. चिकट स्रावाबरोबर रक्ताची रेघ दिसणं स्वाभाविक आहे, पण पाळीसारखं रक्त जाणं नव्हे. बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, झटके येणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन. जिथे रेंज येत नाही, तिथल्या घरांनी गावातल्या जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवावं. ते काम बापाचं.

घरी कळा वाढवण्यासाठी एरंडेल पाजू नये. आणि कुणी घरी येऊन ‘कळांचं इंजेक्शन’ देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. हे औषध आम्हीही वापरतो, पण सलाइनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत. बेहिशेबी दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

दवाखान्यात आल्यावर बाईला झोपवूनच ठेवायला हवं असं नाही. चालू द्या, कुशीवर वळू द्या, पाणी, पेज, चहा घेऊ द्या. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलं तर गोष्ट वेगळी. सोबत तिला धीर देणारी एक बाई असावी. बारा जणी नकोत.

बाळ रडलं की घरचे पेढे आणायला पळतात. आमचं लक्ष तेव्हा वारेकडे असतं. बाळ झाल्यावर मिनिटभरात आईला १० युनिट ऑक्सिटोसिन देतात, ते गर्भाशय आवळून रक्तस्राव कमी व्हावा म्हणून. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो धोका. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला त्याहून कमीही सोसत नाही, आणि गर्भाशय सैल पडलं तर दोन तासांत जीव जाऊ शकतो. लोहाच्या गोळ्या पोटात मळमळतं म्हणून कोनाड्यात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बाळाला तासाभरात छातीशी लावलं की पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आवळतं. मध, घुटी काही नको.

याच कारणानं आम्ही बाळंतिणीला दोन दिवस ठेवून घेतो. संध्याकाळीच घरी नेण्याची घाई करू नये. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून प्रसूती, सिझेरियन, औषधं, रक्त आणि जेवण मोफत आहे. घरी सोडणारी गाडीही मोफत असते. तिच्यासाठी १०२ ला फोन करायला आशाताईंना आदल्या दिवशीच सांगा.