मानसशास्त्रातील संशोधन पद्धती

मानसशास्त्रातील संशोधन पद्धती म्हणजे माणसाचे व प्राण्यांचे वर्तन आणि त्यामागील मानसिक प्रक्रिया यांविषयीची विधाने पडताळून पाहण्याच्या रीती होत. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली; प्रायोगिक मानसशास्त्राचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो. भारतात या विषयाचा स्वतंत्र विद्यापीठीय विभाग १९१६ मध्ये कलकत्ता येथे स्थापन झाला. या शास्त्राची एक खास अडचण आहे. ज्याचा अभ्यास करायचा तो जीव स्वतःच संशोधकाकडे पाहत असतो, त्याची अपेक्षा ओळखतो आणि कित्येकदा तिला जुळेल असे वागतो. त्यामुळे परिकल्पना, चल, नियंत्रण, नमुना, सप्रमाणता यांसारख्या मूलभूत संकल्पनांचा रोख एकाच प्रश्नाकडे असतो: मिळालेल्या निष्कर्षाचे याहून वेगळे स्पष्टीकरण संभवते का?

हुशार हान्सचे उदाहरण

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांचा हान्स नावाचा घोडा गाजत होता. त्याला बेरीज, भागाकार किंवा दिनदर्शिकेविषयीचा प्रश्न विचारला की तो टाप आपटून अचूक उत्तर देई. मालक लबाडी करत असावेत अशी शंका घेतली गेली. १९०४ मध्ये तत्त्वज्ञ व मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीला मात्र कोणतीही फसवणूक आढळली नाही. शिवाय फॉन ओस्टेन समोर नसतानाही घोडा इतरांना बरोबर उत्तरे देत होता.

श्टुम्फ यांचे सहकारी ओस्कार फुंग्स्ट यांनी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला. घोड्याला खरोखर गणित येत असेल, तर प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असो वा नसो, घोड्याच्या कामगिरीत फरक पडू नये. ही त्यांची परिकल्पना, म्हणजे खोटी ठरू शकेल असे नेमके भाकीत होते (काही मराठी पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘अभ्युपगम’ ही संज्ञाही येते). चाचणीत ती खोटी ठरली. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना हान्सची सुमारे ८९ टक्के उत्तरे बरोबर आली; माहीत नसताना हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर उतरले. विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली तरीही उत्तरे चुकू लागली.

फुंग्स्ट यांना आढळले की प्रश्न विचारून झाल्यावर माणूस नकळत किंचित पुढे झुकतो आणि अपेक्षित टाप पडताच त्याचे डोके अगदी थोडे वर जाते. घोडा हीच हालचाल वाचत होता. हे कळल्यानंतरही स्वतः फुंग्स्ट यांना ती हालचाल पूर्णपणे थांबवता आली नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे महत्त्व घोड्यापुरते नाही. प्रामाणिक संशोधकही अभावितपणे निष्कर्ष घडवू शकतो, हे त्यातून दिसले.

रॉबर्ट रोझेन्थल व केर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये हाच मुद्दा उंदरांवरील प्रयोगातून मांडला. विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांचे उंदीर चक्रव्यूह शोधण्यात जातिवंत हुशार असल्याचे सांगितले, तर काहींना ते मंद असल्याचे. प्रत्यक्षात उंदरांची वाटणी यादृच्छिक होती, म्हणजे कोणता उंदीर कोणाकडे जाईल हे निव्वळ योगायोगाने ठरले होते. तरीही ‘हुशार’ ठरवलेल्या उंदरांची कामगिरी सरस नोंदवली गेली. अशा परिणामावरचा उपाय म्हणजे अंध पद्धत. तीत कोण कोणत्या गटात आहे हे सहभागी व्यक्तीपासून लपवले जाते. दुहेरी अंध पद्धतीत ते निरीक्षकालाही सांगितले जात नाही.

चल आणि नियंत्रण

ज्याचे मूल्य बदलू शकते अशा कोणत्याही गुणाला किंवा परिस्थितीला चल म्हणतात. संशोधक जो चल हेतुपूर्वक बदलतो तो स्वाश्रयी चल, आणि त्याच्या परिणामाची नोंद ज्यात केली जाते तो आश्रयी चल. अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस व शीला रॉस यांचा १९६१ मधील ‘बोबो बाहुली’ प्रयोग या संज्ञा समजण्यास सोयीचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ३६ मुले व ३६ मुली त्यात होत्या. त्यांपैकी २४ बालकांनी हवा भरलेल्या मोठ्या बाहुलीला मारहाण करणारी प्रौढ व्यक्ती पाहिली, २४ बालकांनी शांतपणे खेळणारी व्यक्ती पाहिली, तर उरलेल्या २४ जणांना अशी कोणतीच व्यक्ती दाखवली गेली नाही. हा शेवटचा गट म्हणजे नियंत्रित गट. नंतर प्रत्येक बालकाच्या आक्रमक कृतींची नोंद केली गेली. प्रौढ व्यक्तीचे वर्तन हा येथे स्वाश्रयी चल आणि बालकांच्या आक्रमक कृती हा आश्रयी चल होता. मारहाण पाहिलेल्या गटाने तशा कृती अधिक केल्या.

एका गटात मुळातच दांडगी मुले अधिक आली असती तर या निष्कर्षाला काय अर्थ उरला असता? स्वाश्रयी नसूनही निकालावर प्रभाव टाकणाऱ्या अशा घटकाला बाह्य चल म्हणतात. तो आवरण्यासाठी या संशोधकांनी बालकांच्या नेहमीच्या आक्रमकतेचे आधीच मूल्यमापन करून घेतले आणि सारख्या पातळीची बालके निरनिराळ्या गटांत विभागली. संख्या मोठी असेल तर यादृच्छिक विभागणी हा अधिक खात्रीचा मार्ग ठरतो, कारण संशोधकाच्या लक्षातही न आलेले भेद तीत सर्व गटांत साधारण सारखे विखुरतात.

या प्रयोगावर एक आक्षेप मात्र कायम राहिला. बोबो बाहुली मारण्यासाठीच बनवलेली असते. तिला मारणे म्हणजे आक्रमकता की खेळ? प्रयोगशाळेत नियंत्रण वाढवावे तसे वातावरण कृत्रिम होत जाते. नैसर्गिक निरीक्षण, मुलाखत व व्यक्ती-अभ्यास यांत ही कृत्रिमता कमी असते, पण कारण निश्चित करण्याची क्षमताही त्याच प्रमाणात घटते.

सहसंबंध

अनेक प्रश्नांवर प्रयोग करता येत नाही. बालकांवर उपेक्षेचा परिणाम पाहण्यासाठी कोणाची मुद्दाम उपेक्षा करणे अमानुष ठरेल. अशा वेळी दोन चल एकमेकांबरोबर कसे बदलतात हे पाहिले जाते. सहसंबंध गुणक –१ ते +१ या मर्यादेत असतो; चिन्ह संबंधाची दिशा दाखवते आणि संख्या त्याची तीव्रता. त्यामुळे –०.७ हा संबंध +०.३ पेक्षा अधिक तीव्र असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. प्राथमिक शाळेतील मुलांच्या पायाचे माप व त्यांचा शब्दसंग्रह यांत धन सहसंबंध आढळेल. पण दोहोंना वाढवणारा घटक वय हा आहे. भ्रमणध्वनीचा अधिक वापर व निद्रानाश यांसारख्या विषयांत तर कारण कोणते आणि परिणाम कोणता, हेही उलटे असू शकते: झोप न लागणारी व्यक्तीच भ्रमणध्वनी हाती घेत असेल. वृत्तपत्रांतील ठळक मथळे या बाबतीत फारसे काटेकोर नसतात.

मापन

बुद्धी, चिंता किंवा आक्रमकता तराजूवर ठेवता येत नाही. म्हणून अभ्यासापुरती तिची कार्यकारी व्याख्या करावी लागते, म्हणजे ती कशा रीतीने मोजली जाईल हे आधी ठरवावे लागते. पुन्हा मोजल्यावर साधन साधारण तोच निकाल देत असेल तर ते विश्वसनीय. जे मोजायचे तेच मोजत असेल तर ते सप्रमाण. विश्वसनीय साधन सप्रमाण असेलच असे नाही. कवटीचा घेर प्रत्येक वेळी अचूक मोजता येतो, म्हणून काही तो बुद्धीचे माप ठरत नाही.

एका भाषेतील चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना हा प्रश्न तीव्र होतो. आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमधील मुलांसाठी तयार केलेली बुद्धिचाचणी अनेक देशांत गेली. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे कन्नड व मराठी भाषिक मुलांसाठी अनुकूलन केले आणि ते काम ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ या १९४० मधील ग्रंथात मांडले. अशा कामात शब्दशः भाषांतर पुरत नाही. परक्या मुलांना परिचित असलेली वस्तू येथील मुलाने कधी पाहिलीच नसेल, तर चुकलेले उत्तर बुद्धीविषयी काहीच सांगत नाही. म्हणून प्रश्न बदलावे लागतात आणि स्थानिक मुलांच्या गुणांवरून नवी मानके ठरवावी लागतात. या प्रक्रियेला प्रमाणीकरण म्हणतात. परक्या मानकांवर तोललेले मूल विनाकारण ‘मंद’ ठरू शकते.

नमुना

ज्या समूहाविषयी बोलायचे ती समष्टी आणि प्रत्यक्ष तपासलेला तिचा भाग म्हणजे नमुना. नमुना प्रातिनिधिक नसेल तर निष्कर्ष त्याच्यापलीकडे नेता येत नाही. जोसेफ हेन्रिक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की ‘माणूस’ या नावाखाली मांडलेले पुष्कळसे निष्कर्ष प्रत्यक्षात पाश्चात्त्य, सुशिक्षित व संपन्न समाजांतील, त्यातही बऱ्याचदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आले होते. म्युलर-लायर दृष्टिभ्रमात समान लांबीच्या दोन रेषा टोकांवरील बाणांमुळे लहानमोठ्या भासतात. डोळ्यांशी निगडित असा हा भ्रमही सर्व समाजांत सारख्या तीव्रतेचा आढळत नाही.

सार्थकता आणि पुनरावृत्ती

दोन गटांतील फरक योगायोगाचा असू शकतो का, हे सांख्यिकीने तपासले जाते. प्रथम ‘फरक नाही’ अशी शून्य परिकल्पना धरतात. ती खरी असती तर हाती आलेला किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता ०.०५ पेक्षा कमी असल्यास निष्कर्षाला रूढ अर्थाने सार्थक म्हणतात. ही संभाव्यता परिकल्पना खरी असण्याची नव्हे, आणि सार्थक फरक मोठा किंवा महत्त्वाचा असतोच असेही नाही.

२०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने तीन नियतकालिकांतील १०० अभ्यासांची पुनरावृत्ती केली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थक होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण सुमारे ३६ टक्के भरले. अनुकूल निकालच छापण्याची प्रवृत्ती, लहान नमुने आणि माहिती हाती आल्यावर परिकल्पना बदलणे ही यामागची कारणे सांगितली जातात. त्यानंतर अभ्यासाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवण्याची प्रथा वाढली.

नैतिक मर्यादा

जॉन वॉटसन व रोझली रेनर यांनी १९२० मध्ये ‘अल्बर्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या तान्ह्या बाळात पांढऱ्या उंदराविषयी भीती निर्माण केली आणि ती दूर न करताच प्रयोग संपला. स्टॅन्ली मिलग्रम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० पैकी २६ पुरुष, समोरच्याला विजेचे धक्के बसत आहेत असे समजून, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण त्यांना झालेला मनस्ताप खरा होता. आज सहभागी व्यक्तीची माहितीपूर्ण संमती, केव्हाही माघार घेण्याची मुभा, गोपनीयता आणि नैतिक समितीची पूर्वमान्यता आवश्यक मानली जाते. प्रयोगासाठी काही लपवावे लागले असल्यास ते शेवटी सहभागी व्यक्तीला उघड करून सांगावे लागते. भारतात मानसिक आजार असलेल्या व्यक्तींवरील संशोधनासाठी त्यांची मुक्त व माहितीपूर्ण संमती घेणे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार बंधनकारक आहे.