गंजाची निळाई

पोलादाला गंजापासून वाचवायचं कशानं? गंजानंच! जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर जी गडद निळी-काळी झळाळी दिसते, तिच्यात रंगाचा थेंबही नसतो. ते लोखंडाचंच ऑक्साइड, तांबड्या गंजाच्याच कुळातलं.

तांबडा गंज भुसभुशीत असतो; त्यातून हवा-पाणी आत शिरत राहतं आणि धातू पोखरला जातो. मॅग्नेटाइट नावाचं काळं ऑक्साइड मात्र पोलादाला घट्ट धरून बसतं, वर तेलही शोषून ठेवतं. मग तांबड्याचं काळं करायचं कसं? जुने कारागीर घासून चकचकीत केलेल्या नळीला आम्लाचं द्रावण फासत आणि दमट हवेत ती मुद्दाम गंजू देत. मग उकळतं पाणी! त्यात बुडवलं की तांबडा गंज काळा पडतो. वरची सुटी भुकटी बारीक तारांच्या ब्रशनं झटकायची, पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. दर फेरीला रंग आणखी गहिरा.

स्क्रूंची करामत तर याहून अजब. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यानं १८७३ साली ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर आणलं. त्याच्या जुन्या नगांचे स्क्रू कधी कधी अजूनही मोरपंखी निळे दिसतात. हे काम नुसत्या उष्णतेचं. चकचकीत पोलाद तापवत जा: आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास लखलखीत निळा. क्षणभर जास्त तापलं की निळाई ओसरून राखाडी! तिथला ऑक्साइडचा थर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर इंद्रधनुष्य उमटतं ना, तसंच इथं घडतं. थराच्या वरून आणि तळातून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग खोडले जातात, निळा उरतो. जुन्या घड्याळांचे निळे काटेही असेच घडत.

निळाई कोणत्याही रीतीनं चढवा, थर पातळच; तो काहीच झाकत नाही. खालचा प्रत्येक ओरखडा दिसतो. म्हणून १९५५ च्या कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हरची ती आरशासारखी ‘रॉयल ब्लू’ चमक मुळात पॉलिश करणाऱ्या हातांची कमाई.

आणि हा थर झिजतो कसा? चामडी होल्स्टरमध्ये ये-जा करून नळीचं टोक उघडं पडतं. सिलिंडरभोवती फिरण्याची बारीक रेघ उमटते. तळव्याच्या घामातलं मीठ मुठीजवळची निळाई तपकिरी करतं. शस्त्र कसं वागवलं गेलं, हे जाणकार संग्राहक या खुणांवरून ओळखतात. मला ही झीज नव्या झळाळीपेक्षा मोलाची वाटते.

हौसेनं बदल करायला कुणाची ना नाही. स्मिथ अँड वेसननं १९३५ साली ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ काढलं, तेव्हा नळीची लांबीसुद्धा गिऱ्हाईक ठरवत असे. आजही मूठ बदला, पण मूळची जपून ठेवा. ती परत बसवता येते. निळाईला मात्र हात लावू नका. ती नव्यानं चढवायची तर आधी पोलाद घासावं लागतं. त्यात कोरलेली अक्षरं उथळ होतात, कडा गोल होतात, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. तेलाचं बोट फिरवा, तेवढं पुरे.